कितवा दिवस

बांबोळीला, तिसऱ्या मजल्यावर, शनिवारी दुपारी
दार लावून आम्ही प्रश्न तपासतो.
फोन बाहेरच्या टोपलीत.
शिपाई चहा घेऊन टकटक करतो
तेव्हा आम्ही आधी कागद पालथे घालतो,
आत शव असावं आणि नातेवाईक यावेत तसे.

पहिला तास हसण्यात जातो.
प्रश्न सातमधले गृहस्थ अंगणातला बर्फ उपसताना
छातीत कळ येऊन खाली बसतात.
"कुंकळ्ळीत कधी पडला हो बर्फ?" एव्हरिस्ता विचारते.
कुणीतरी परदेशी पुस्तकातून उचललेला, थंडीसकट.
मी सुचवतो, रापण ओढताना.
प्रभुदेसाय मान हलवतात. वाळपईच्या पोरांची रापण
ताटातल्या बांगड्यापाशी सुरू होते, तिथेच संपते.
शेवटी ठरतं, जिना चढताना.
जिना सगळ्यांच्या वाट्याला येतो.

मग एव्हरिस्ता चष्मा काढते, हळू म्हणते,
गेल्या सहा पेपरांत यकृत सुजलेले पाच जण,
पाचही कायतान, मिंगेल, नाहीतर बोस्त्यांव.
तुमच्या शाणूंची यकृतं काय पितळेची?
कुणी हसत नाही. पंखा ऐकू येतो.
नावं खोडली. उरला "एक पुरुष, वय बावन्न".
दारू तेवढीच राहिली.

हेही सापडलं की सगळ्यात लांबलचक पर्याय
चौदा ठिकाणी बरोबर आहे.
ज्याला विषय येत नाही पण फूटपट्टी वापरता येते
तो सुखाने पास.

प्रश्न एकतीस.
भातशेतात राबणारी बाई. ताप. पोटऱ्या दुखतात,
डोळे लाल. निदानासाठी कोणती तपासणी कराल?
हा माझा.
अकरा वर्षांपूर्वी, रात्री जेवण झाल्यावर
वीस मिनिटांत लिहिलेला. उत्तर क, रक्तातली प्रतिपिंडं.

प्रभुदेसाय आकड्यांचा कागद माझ्याकडे सरकवतात.
वरच्या नंबरांची मुलं इथे चुकतात,
काठावरची बरोबर येतात.
जेव्हा जेव्हा विचारला तेव्हा हेच.
एक उणे चिन्ह, पेन्सिलीने गोल केलेलं.

शेवंती वेळीप. खोतीगावची.
निकालानंतर माझ्या दारात उभी होती, चप्पल बाहेर काढून.
"सर, ताप कितव्या दिवसाचा?
तिसरा असेल तर प्रतिपिंडं तयारच नसतील.
जंतू रक्तातच सापडेल. म्हणून मी अ लिहिलं."
मी म्हटलं, इतका विचार करायचा नसतो परीक्षेत.
एका गुणाने ती राहिली होती.
मला ते ठाऊक नव्हतं, असं मी आजवर सांगत आलो.
ठाऊक होतं.

वॉर्डात मी पोरांना ओरडून शिकवतो,
पेशंट खाटेवर टेकायच्या आत विचारा, ताप कधीपासून.
नाडी नंतर. स्टेथो नंतर.
आणि माझीच ही बाई,
जिला मी गुडघाभर चिखलात उभी केली, लाल डोळ्यांची,
तिला अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही,
बाये, कितले दीस जाले?

"काढून टाकूया?" एव्हरिस्ता विचारते.
नको. मी पेन घेतो.
"ताप"च्या आधी बारीक अक्षरांत दोन शब्द घुसवतो,
चार दिवसांपासून.
उत्तराच्या रकान्यात क खोडून अ.
बाजूला सही, तारीख.
जुन्या गुणपत्रिकांचं काय, मी विचारतो.
त्याला नियम नाही, प्रभुदेसाय म्हणतात,
आणि बराच वेळ आपल्या पेनाचं टोपण लावत राहतात.

सहा महिन्यांनी शेवंती पास झाली. काणकोणला असते.
तिथून पाठवलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर
तिचं अक्षर मी लांबूनही ओळखतो.
पहिल्या ओळीत, नावाच्याही आधी,
अधोरेखित :
ताप, दिवस सहावा.

दार वाजतं. चहा.
आम्ही कागद पालथे घालतो.